वायेदुपारचा राजा कसा ठरतो

[दृश्य : वायेदुपार शहर, अल्फोन्सो लोपेस चौक. आंब्याचं मोठं झाड, पलीकडे व्यासपीठ.]

एप्रिल संपत आला की कोलंबियाच्या उत्तरेकडचं हे शहर अकॉर्डियनच्या सुरांनी भरून जातं. एका अंगाला सिएरा नेवादाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला पेरिहाची रांग आणि शहराला लागून वाहणारी ग्वातापुरी नदी. या खोऱ्यातल्या संगीताचं नाव वायेनातो. त्याचा महोत्सव इथे दरवर्षी भरतो.

रात्रीच्या जलशांच्या जाहिरातींवर बडे गायक झळकतात, त्यांच्यासाठी तोबा गर्दी होते. पण या महोत्सवातली कलाकारांची खरी यादी दिवसा, स्पर्धेच्या मंचावर पाहायला मिळते. देशभरातून आलेले अकॉर्डियनवादक तिथे एकामागून एक वाजवतात, आणि त्यांच्यातूनच त्या वर्षीचा वायेनातोचा राजा निवडला जातो.

[दृश्य : तिघांचा संच. कॅमेरा हातांवर.]

यादीत नाव एकाचं असलं, तरी मंचावर तिघे येतात. एकाच्या दोन गुडघ्यांमध्ये काहा, म्हणजे एका तोंडाला कातडं मढवलेला छोटा ढोल. तो हातांनी वाजतो. दुसऱ्याकडे ग्वाचाराका : वेताच्या दांड्यावर आडव्या खाचा पाडायच्या आणि तारांच्या काट्याने त्या खरखर घासायच्या. मध्ये अकॉर्डियन. उजव्या हाताला तीन ओळींत ३१ बटणं, डाव्या हाताला खर्जाची १२. बटण तेच, पण भाता दाबला की एक सूर आणि ओढला की वेगळा. म्हणजे बोटांइतकंच भात्यालाही गाणं पाठ असावं लागतं. आपली पेटी युरोपातून आली आणि कीर्तनात, संगीत नाटकात घरचीच होऊन गेली, तसाच हा जर्मन बनावटीचा अकॉर्डियन इथल्या गुराख्यांच्या हाती पडला आणि इथलाच झाला.

राजा व्हायचं तर चार प्रकार वाजवावे लागतात : पासेओ, मेरेंगे, सोन आणि पुया. पासेओ सगळ्यांच्या ओठांवरचा, रेडिओवर बहुतेक तोच लागतो. सोन संथ, त्यात डाव्या हाताचा खर्ज बोलतो. मेरेंगे सहा मात्रांवर झुलतो. आणि पुया सगळ्यांत जलद, भल्याभल्यांची दमछाक करणारा. एका प्रकारातल्या प्रावीण्यावर इथे भागत नाही. माझ्या मते या महोत्सवाची सारी ताकद या एका अटीत आहे. बाजारात ज्यांना फारसा उठाव नाही, ते सोन आणि पुया या अटीमुळे तरुण वादकांच्या हातात टिकून आहेत.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, १९६८.]

पहिला महोत्सव १९६८ चा. वायेदुपार ज्यात येतं तो सेसार प्रांत नुकताच स्थापन झाला होता. त्याचे पहिले राज्यपाल अल्फोन्सो लोपेस मिकेल्सेन, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, संगीतकार राफाएल एस्कालोना आणि कोन्सुएलो आराउहो नोगेरा या तिघांनी तो उभा केला. कोन्सुएलोबाईंनी पुढे आयुष्यभर त्याची धुरा वाहिली. त्या देशाच्या सांस्कृतिक मंत्रीही झाल्या. सप्टेंबर २००१ मध्ये फार्क बंडखोरांनी त्यांचं अपहरण केलं आणि त्यांना ठार मारलं. महोत्सव पुढच्या वर्षीही भरला.

पहिल्याच वर्षी रीता फेर्नांदेस मुलींचा संच घेऊन आली होती. तरीही स्त्री वादकांसाठी वेगळी स्पर्धा सुरू व्हायला २०१९ साल उजाडावं लागलं. इतका उशीर व्हायला नको होता.

२०१५ मध्ये युनेस्कोने पारंपरिक वायेनातोचा समावेश तातडीने जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत केला. सशस्त्र संघर्षाची झळ, नव्या धर्तीच्या वायेनातोचा रेटा, आणि मित्रमंडळींच्या रात्रभर चालणाऱ्या गाण्याच्या बैठकी कमी होत जाणं, ही त्यामागची कारणं.

[दृश्य : आलेहो दुरानचं छायाचित्र.]

१९६८ चा पहिला राजा आलेहो दुरान. एल पासो गावचा, गुरांच्या वाड्यांवर राबलेला, भारदस्त आवाजाचा माणूस. १९८७ मध्ये आधीच्या सगळ्या राजांना एकत्र बोलावून ‘राजांचा राजा’ निवडायचं ठरलं. दुरान तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. लोकांचं मन त्याच्याकडेच होतं. पुया वाजवताना त्याचा हात चुकला. तो तिथेच थांबला आणि मी स्वतःच स्वतःला बाद केलंय, असं त्याने लोकांना सांगून टाकलं. परीक्षकांनी काही म्हणायची त्याने वाटच पाहिली नाही. किताब कोलाचो मेंदोसाला मिळाला, १९६९ च्या राजाला. दुरान दोन वर्षांनी गेला. त्या दिवसाची गोष्ट वायेदुपारमध्ये आजही सांगतात, आणि ती सांगताना जिंकणाऱ्याआधी दुरानचं नाव येतं.

त्यानंतर राजांची ही लढत दर दहा वर्षांनी होत आली : १९९७, २००७, २०१७. त्या हिशेबाने पुढची २०२७ ची. स्पर्धकांच्या यादीत फक्त माजी राजे, आणि त्यांनाही वाजवायचे तेच चार प्रकार, पुयासकट.