लॅक्स्टनचं न विभागलेलं शिवार

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर सरत आला की इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात, लॅक्स्टन नावाच्या खेड्यातले काही शेतकरी गमबूट चढवून गव्हाच्या रानात उतरतात. सोबत लाकडी खुंट्या आणि त्या ठोकायला हातोडा. हे गावचे पंच. तिकडे त्यांना ज्यूरी म्हणतात. नुकत्याच पेरलेल्या रानाची पट्टी न् पट्टी ते बघतात. कुणाचा नांगर वाटेवर आला का, कुणी चराऊ गवतात घुसलं का? बांध कोरणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. इथे तर बांधच नाहीत! दोन पट्ट्यांमध्ये ना कुंपण, ना झुडपांची रांग. हद्द सांगायला फक्त नांगराची एक सरी आणि ती खुंटी.

लॅक्स्टन आणि शेजारची मूरहाऊस ही वाडी मिळून एक पॅरिश, म्हणजे गावकारभाराचा एक घटक, होते. लाल, चिकट मातीचा हा मुलूख शेरवुडच्या जंगलापासून फार दूर नाही. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या गढीचं मातीचं उंच टेकाड अजून उभं आहे. गावात शिरलात तर एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. शेतकऱ्यांची घरं रानात विखुरलेली नाहीत, सगळी गावातल्या रस्त्यालगत आहेत. जमीनच सगळ्यांची मिसळलेली, मग घर एकट्याच्या शेतात बांधणार कसं?

मिसळलेली म्हणजे अशी. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी रानं, आणि प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्हींत पसरलेल्या. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. दरवर्षी पाळी पुढे सरकते. चांगली जमीन एकाच्या आणि खडकाळ दुसऱ्याच्या पदरात पडू नये, ही त्यामागची सोय मला फार शहाणपणाची वाटते. मधली खोलगट, नांगराला न मानणारी जमीन गवताला सोडलेली असते. तिला साइक म्हणतात. तिथे रानफुलं भरपूर.

मध्ययुगात मध्य इंग्लंडमधली असंख्य गावं अशीच कसत होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने कायद्यामागून कायदे केले, रानं कुंपणांत गेली, आणि ज्यांची गुरं सामाईक गवतावर जगत होती त्यांचा आधार तुटला. लॅक्स्टन मात्र राहिलं. १६३५ साली मार्क पिअर्स या भूमापकाने काढलेला इथला नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे आणि त्यावर एकेक पट्टी दिसते. पुढे पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या, संख्या घटली, पण पद्धत मोडली नाही. १९५२ मध्ये जहागीरदाराकडून शेती मंत्रालयाने गाव विकत घेतलं. १९८१ मध्ये ते राजसंपदेकडे, म्हणजे क्राउन इस्टेटकडे गेलं आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जहागिरीकडे.

मालक बदलले, पंचायत तीच. कोर्ट लीट हे तिचं नाव. १९७७ च्या कायद्यानेही तिचं कामकाज चालू ठेवलं. पाहणीनंतरच्या आठवड्यात ती गावच्या डव्हकोट इन या खानावळीत बसते. कुणाची चूक निघाली असेल तर तिथे दंड होतो, आणि पुढच्या वर्षीचे पंच नेमले जातात. वर्षभराने तेच लोक पुढच्या पाळीच्या रानात उतरतील, आणि जिथली खुंटी हलली असेल तिथे नवी ठोकतील.