तळहातात मावणारे पिस्तूल

पडद्यावर दोन पिस्तुले शेजारीशेजारी ठेवलेली दिसत आहेत. डावीकडचे आहे एम १९११. ते संपूर्ण पोलादी असून रिकामे असतानाही सुमारे १.१ किलो भरते आणि त्याच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, ७ काडतुसे मावतात. उजवीकडचे आहे २०१८ साली बाजारात आलेले सिग सॉअर पी३६५. त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम, नळीची लांबी जेमतेम ७९ मिलिमीटर, आणि तरीही त्याच्या मॅगझिनमध्ये ९ मिलिमीटरची १० काडतुसे बसतात. जुन्या पिस्तुलाचे काडतूस अधिक जाड असते, हे ध्यानात घेतले तरीही इतक्या लहान वस्तूत एवढे कसे सामावले, हा प्रश्न ती प्रथमच हातात घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतो.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर पॉलिमरमध्ये, म्हणजे एका मजबूत प्लास्टिकमध्ये, आहे. पॉलिमरची फ्रेम असलेले पहिले पिस्तूल, हेकलर अँड कॉखचे व्हीपी७०, १९७० साली आले, परंतु या साहित्यावर जगाचा विश्वास बसला तो १९८० च्या दशकात, ऑस्ट्रियाच्या सैन्याने गास्टन ग्लॉक यांचे पिस्तूल स्वीकारल्यानंतर. हे प्लास्टिकचे पिस्तूल विमानतळावरच्या तपासणीत दिसणारच नाही, अशी भीती तेव्हा अमेरिकेत व्यक्त झाली आणि १९८८ साली तिथे धातुशोधकाला न सापडणाऱ्या शस्त्रांविरुद्ध कायदाही झाला. वस्तुतः पॉलिमरची असते ती केवळ फ्रेम, म्हणजे मूठ आणि तिच्या पुढचा भाग. नळी, स्लाइड (नळीवरचा सरकता भाग), स्प्रिंगा आणि स्लाइड ज्यांवरून मागेपुढे सरकते त्या पट्ट्या पोलादाच्याच असतात, आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर त्या स्पष्ट दिसतात.

पॉलिमरमुळे वजन घटले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठा वाटणारा लाभ जाडीचा आहे. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या पिस्तुलात मुठीच्या सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी लाकडाच्या अथवा रबराच्या पट्ट्या स्क्रूने बसवाव्या लागतात. पॉलिमरची मूठ मात्र साच्यातूनच पूर्ण होऊन बाहेर पडते. पकड घट्ट राहावी म्हणून लागणारा खरखरीतपणाही तिच्या अंगातच असतो, आणि अशा रीतीने वाचलेले काही मिलिमीटर मॅगझिनच्या वाट्याला येतात.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग मॅगझिनमध्ये आहे, आणि तिथे थोडे थांबायला हवे. ९ मिलिमीटरच्या काडतुसाचा बुडाचा व्यास जवळजवळ १० मिलिमीटर असतो. ही काडतुसे एकावर एक रचली, तर मॅगझिन पातळ राहते, परंतु काडतुसे मोजकीच मावतात. २०१५ च्या ग्लॉक ४३ मध्ये ती ६ होती. दोन रांगांत नागमोडी रचली, तर संख्या वाढते, पण मूठही रुंदावते. १९९५ सालच्या ग्लॉक २६ मध्ये १० काडतुसे मावत, ती अशाच रुंद मुठीच्या बळावर. पी३६५ च्या रचनाकारांनी या दोहोंमधली वाट काढली. काडतुसे नागमोडीच राहिली, परंतु त्यांचे डावे-उजवे अंतर कमी केले गेले, त्यामुळे मॅगझिन एका रांगेच्या मॅगझिनपेक्षा थोडेसेच जाड झाले. पुढच्याच वर्षी, २०१९ साली, स्प्रिंगफील्डचे हेलकॅट ११ काडतुसांसह आले आणि २०२१ साली स्मिथ अँड वेसननेही आपल्या शील्ड पिस्तुलाची सुधारित आवृत्ती याच दिशेने काढली.

टेबलावर ठेवून पाहताना ही पिस्तुले जितकी मन जिंकतात, तितकी ती चांदमारीच्या मैदानावर जिंकत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. काडतूस तेच आणि पिस्तुलाचे वजन निम्मे, तर गोळी सुटल्यावर पिस्तूल जवळजवळ दुप्पट वेगाने मागे येते आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही जवळजवळ दुप्पट होते. मूठ आखूड असल्याने करंगळीला आधार मिळत नाही, आणि मोठ्या पंजाच्या माणसाला पिस्तूल बोटांमध्ये फिरल्यासारखे वाटते. पुढची आणि मागची नेमखूण एकमेकींच्या जवळ आल्याने हाताची लहानशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. स्लाइड आखूड आणि हलकी असल्यामुळे तिला आवरणारी स्प्रिंग कडक ठेवावी लागते, म्हणून ज्यांच्या बोटांत बळ कमी आहे, त्यांना ती मागे ओढणेच कठीण जाते. पहिल्या दहा फैरींत जे पिस्तूल आटोपशीर वाटते, तेच पन्नासाव्या फैरीपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यात ठणका लावते. जे बाळगायला सोपे, ते चालवायला अवघड. ज्याला ते खरोखर जवळ बाळगायचे आहे, त्याने पिस्तूल विकत घेण्यापूर्वी हा अनुभव घ्यावा.

चापाबद्दलही बोलणे भाग आहे. यांपैकी अनेक पिस्तुलांना अंगठ्याने लावायची सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारी कळ, नसते. पिस्तूल हातातून पडले, तर गोळी सुटू नये, यासाठीची योजना आत असते, पण चाप ओढला गेला की ती आपोआप बाजूला होते, मग तो बोटाने ओढलेला असो किंवा सदऱ्याच्या टोकाने. त्यामुळे चाप पूर्णपणे झाकणारे, आकार न सोडणारे ताठ होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, हा पिस्तुलाचाच एक भाग मानला पाहिजे. मोकळ्या खिशात किंवा पिशवीत, इतर वस्तूंच्या सोबतीने, असे पिस्तूल कधीही ठेवू नये. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवताना आत कपडा अडकलेला नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे आणि घाई करू नये.

पी३६५ चा आणखी एक विशेष पाहण्यासारखा आहे. कॅमेरा जवळ नेला की मुठीच्या आत बसवलेला एक छोटा पोलादी सांगाडा दिसतो. चाप आणि त्याची सारी यंत्रणा त्यातच आहे, अनुक्रमांकही त्यावरच कोरलेला आहे, आणि अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने शस्त्र म्हणजे तेवढाच भाग. बाहेरची पॉलिमरची मूठ हे केवळ आवरण असून ते बदलता येते.

या सोयीचा उपयोग लवकरच दिसला. कपड्यांखाली पिस्तुलाचा उंचवटा दिसतो तो मुख्यतः मुठीमुळे, कारण नळी कमरेच्या पट्ट्याखाली सहज दडते, मूठ मात्र शरीरापासून बाहेर डोकावते. तरीसुद्धा २०१९ साली याच पिस्तुलाची लांब मुठीची, ९४ मिलिमीटर नळीची आणि १२ काडतुसांची आवृत्ती आली, आणि तिच्या मुठीवर करंगळीला जागा मिळाली.