आधी माती, मग सागवान

श्रोतेहो, परसात लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, बांधून त्यात हॉट टब, म्हणजे गरम पाण्यात बसायचा मोठा टब, उतरवायचा विचार घेऊन येणारे बहुतेक जण मला आधी लाकडाचा भाव विचारतात. मातीबद्दल क्वचितच कोणी विचारते. नागपूरच्या बऱ्याच भागात प्लॉटवर काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात आकसून अशी भेगाळते की भेगेत हाताची बोटे सहज जावीत. या हालचालीवर डेकचे खांब नुसते रोवले, तर दोन पावसाळ्यांत फळ्यांची पातळी बिघडते. म्हणून काळी माती काढून मुरूम भरावा, थराथराने पाणी मारून धुम्मस करावे, म्हणजे ठोकून घट्ट करावे. माती फार खोल असेल, तर पाया कठीण थरापर्यंत न्यावा.

आता वजनाचा हिशोब पाहू. २ मीटर लांब-रुंद टबमध्ये साधारण १,२०० लिटर पाणी मावते, म्हणजे १,२०० किलो; टबचे ३०० आणि चार माणसांचे २८० धरले, तर भार १,७८० किलो होतो, म्हणजे चौरस मीटरला जवळपास ४५०. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आपण माणसे व सामान यांचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतो. त्यामुळे टब डेकच्या वाशांवर कधीही टेकवू नये. त्याला खड्ड्याच्या तळाशी स्वतःचा सळईचा काँक्रीट स्लॅब हवा, आणि डेक त्याच्याभोवती, त्याला न चिकटता उभा राहायला हवा.

खड्डा म्हणजे पाण्याला आमंत्रण. माझ्याच घरी मी तळाला उतार दिला, पण पाणी बाहेर नेणारा पाइप पुढच्या आठवड्यावर ढकलला; जुलैच्या एका रात्रीत खड्डा गुडघाभर भरला आणि सकाळी पंपाच्या मोटारीतून गढूळ पाणी ओतावे लागले. शिवाय टब रिकामा असता, तर तो उचललाही गेला असता. साचलेल्या पाण्यात डास होतात, हे कूलरच्या टाक्या सांभाळणाऱ्या नागपूरकरांना निराळे सांगायला नको. निचरा आधी, टब नंतर, हा क्रम मी आता मोडत नाही. पंप व हीटरच्या बाजूला माणूस बसून पाना फिरवू शकेल एवढी, किमान ६० सेंटिमीटर जागा आणि वर उचलता येणारी फळी ठेवावी.

टब डेकशी अगदी सपाट बसवण्याची हौस मला पटत नाही. काठ ४५ सेंटिमीटर वर राहिला, तर त्यावर बसून पाय आत सोडता येतात आणि धावणारे मूल थेट पाण्यात पडण्याचा धोका कमी होतो. कुलूप लागणारे झाकण तरीही हवेच.

लाकडासाठी आपल्याकडे गडचिरोलीचे सागवान आहे. फळीचे टोक पाहून घ्यावे: कडेचा पांढरट पट्टा वाळवीला आवडतो, आतला तपकिरी गाभा नाही. फळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट सोडावी, स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

विजेची लाइन स्वतंत्र, उत्तम अर्थिंगची आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणाऱ्या स्विचमधून, घ्यावी. डिसेंबरात २० अंशांचे पाणी ३८ वर न्यायला सुमारे २५ युनिट लागतात, तेव्हा झाकण बिलही वाचवते. मे महिन्यात मात्र हीटर बंद ठेवून, डेकवर हिरवी जाळी ताणून, त्याच टबमध्ये गार पाण्यात बसावे.