स्कूटरवरून नवी मुंबई: फेरी ठरवताना घड्याळाआधी तिथी पाहा

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार. स्कूटरवरून शहर दाखवणाऱ्या मार्गदर्शित फेऱ्या रोम, फ्लॉरेन्स, हो चि मिन्ह सिटी अशा शहरांत पर्यटकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. अशा फेरीला व्यावसायिक छायाचित्रकाराची जोड दिली, म्हणजे मार्गदर्शक पुढे, पाहुणे मध्ये आणि छायाचित्रकार एखाद्या वळणावर आधीच जाऊन उभा, तर ती नवी मुंबईत कशी आखावी, हा आजचा विषय आहे. तुम्ही अशी फेरी आरक्षित करणार असाल किंवा स्वतःच सुरू करण्याच्या विचारात असाल, तर दोघांनाही हे उपयोगी पडेल.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. बहुतेक आयोजक नकाशा उघडतात, सात-आठ ठिकाणांवर खुणा करतात आणि त्या खुणा जोडून मार्ग तयार करतात. खाडीकाठच्या या शहरात ही पद्धत चालत नाही, कारण येथील सर्वांत देखणी ठिकाणे दिवसातून काही तासच देखणी असतात आणि ते तास रोज बदलतात.

त्याआधी स्कूटरच का, हे थोडक्यात पाहू. इटलीत 1946 साली व्हेस्पा आली, तेव्हा तिचा आराखडा कोर्रादिनो दास्कानियो या विमान अभियंत्याने केला होता. त्याला मोटारसायकल फारशी आवडत नसे, म्हणून त्याने इंजिन झाकले, पाय ठेवायला सपाट जागा दिली आणि टांग न टाकता बसता येईल अशी गाडी केली. हे तिन्ही गुण आजच्या साध्या गिअरलेस स्कूटरमध्येही आहेत आणि फोटो काढून घेणाऱ्या माणसाला नेमके तेच हवे असतात: साडी असो वा सूट, बसता येते, चटकन उतरता येते आणि कपडे तेलकट होत नाहीत. (व्हेस्पा आपल्या बारामतीतही तयार होते, हे अनेकांना ठाऊक नसते.) शिवाय नवी मुंबई हे एकात एक बसलेले दुहेरी शहर आहे. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, आखलेली रुंद रस्त्यांची सेक्टर एकीकडे आणि त्यांच्या पोटात राहिलेली आगरी-कोळी गावठाणे दुसरीकडे. गावठाणाच्या गल्लीत मोटार वळत नाही, आणि वाशी ते बेलापूर हा पाम बीच मार्ग सायकलने कापावा म्हटले, तर आपल्या दमट हवेत पाहुण्याचा चेहरा पहिल्या छायाचित्राआधीच घामाने डबडबलेला असतो.

[पडद्यावर: सीवूड्स ते बेलापूर खाडीकिनाऱ्याचा नकाशा]

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नवी मुंबईत येणाऱ्या पाहुण्याला बहुधा रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो पाहायचे असतात आणि त्यांच्या पार्श्वभूमीवर स्वतःचे छायाचित्र हवे असते. हे पक्षी साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत ठाणे खाडीत असतात. खाडीच्या एका भागाला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर पांगून चरतात. तेव्हा ते किनाऱ्यापासून इतके दूर असतात की छायाचित्रात गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही येत नाही. भरतीने चिखल पाण्याखाली गेला, की हेच पक्षी उठून किनाऱ्यालगतच्या उथळ पाणथळ जागांत येऊन उभे राहतात. सीवूड्सजवळचे डीपीएस तळे, एनआरआय वसाहतीमागची जागा आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळची जागा या त्यांपैकी आहेत. म्हणून पर्यटकाच्या सोयीची वेळ ही भरतीची वेळ असते, ओहोटीची नव्हे.

भरती दिवसातून दोनदा, साधारण 12 तास 25 मिनिटांच्या अंतराने येते आणि दररोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावर यासाठी एक जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करावा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. चतुर्थीला दुपारी तीन, षष्ठीला साडेचार. हिशेब ढोबळ आहे, आणि मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात दिलेल्या वेळेपेक्षा खाडीत आत पाणी थोडे उशिरा चढते, तेव्हा अंतिम वेळ तक्ता पाहूनच ठरवावी. परंतु पाहुण्याने तारीख विचारताच मनात उत्तर तयार करायला हा हिशेब पुरेसा आहे.

या हिशेबाने पाहिले, तर अष्टमी उत्तम वाटेल, कारण तेव्हा भरती सकाळी सहाच्या सुमारास, अगदी सूर्योदयाच्या तोंडावर येते. प्रत्यक्षात अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फारसे चढत नाही, चिखलाचा बराच भाग उघडाच राहतो आणि पक्ष्यांना जागा सोडण्याचे कारण उरत नाही. वेळ जुळते, पाणी जुळत नाही. उलट पौर्णिमा आणि अमावास्येला उधाणाची भरती जोरदार असते, पक्षीही भरपूर येतात, पण तो प्रकार ऐन दुपारी बाराच्या सुमारास घडतो, आणि त्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडलेली छायाचित्रे कोणालाही आवडत नाहीत. म्हणून मधला मार्ग काढावा लागतो. सकाळच्या फेरीसाठी दशमी-एकादशी घ्यावी, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा येथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेआठपर्यंत ऊन कोवळे असते. संध्याकाळच्या फेरीसाठी चतुर्थी ते षष्ठी घ्यावी. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकतो, त्यामुळे चतुर्थीला अजून पाणी चांगले चढलेले असते.

सकाळ आणि संध्याकाळ यांतही फरक आहे. या पाणथळ जागा पाम बीच मार्गाच्या पश्चिमेला, खाडीच्या बाजूला आहेत. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, त्यामुळे पंखांचा गुलाबी रंग खुलतो. संध्याकाळी सूर्य पक्ष्यांच्या मागे जातो आणि काळ्या आकृत्यांची छायाचित्रे मिळतात. पाहुण्याला रंग हवा आहे की आकृती, हे आधी विचारणारा छायाचित्रकार मला जाणकार वाटतो. पक्षी उडवण्यासाठी टाळ्या वाजवणारा किंवा खडे मारणारा छायाचित्रकार मात्र तिथेच थांबवावा; चरून आलेल्या पक्ष्याची विश्रांती मोडून मिळवलेल्या छायाचित्राचे मोल नाही, असे मी मानतो. आणखी एक सावधगिरी: 2024 साली डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी येणे खुंटले आणि पक्षी तिथे येईनासे झाले होते. म्हणून फेरीच्या आदल्या दिवशी मार्गदर्शकाने स्वतः जाऊन पाणी पाहून यावे आणि पर्यायी जागा मनात ठेवावी.

[पडद्यावर: दिवाळे कोळीवाड्यातील होड्या]

पाणथळ जागेवरून निघाल्यावर पुढचा सगळा टप्पा काही किलोमीटरांचाच आहे, त्यामुळे अशा फेरीचे दर किलोमीटरवर नव्हे, तासांवर ठरवावेत. त्याच भरतीच्या पाण्यावर दिवाळे गावच्या होड्या तरंगत असतात; दोन-तीन तास उशीर केला, तर त्याच होड्या चिखलात कलंडलेल्या दिसतात. येथे मासळी निवडणाऱ्या बायकांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत. मार्गदर्शक गावातला किंवा गावाशी ओळख असलेला असेल, तर परवानगी दोन वाक्यांत मिळते, आणि मार्गदर्शकाला आपण पैसे देतो ते मुख्यतः याच ओळखीसाठी.

तिथून बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजकडे जावे. नवी मुंबईच्या मूळ कल्पनेत प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत ज्यांचा वाटा होता, त्या वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ही वसाहत 1980 च्या दशकात आखली. सात घरे आणि त्यांच्या मध्ये सुमारे आठ मीटर लांब-रुंद अंगण, अशा तीन गटांनी मिळून त्याहून मोठे अंगण, अशी तिची वीण आहे. अनेक घरे आता पाडून नव्याने, उंच बांधली गेली आहेत, पण अंगणे टिकून आहेत. दहा वाजता ऊन चढलेले असताना अशा अंगणात भिंतीवरून परतणारा उजेड मऊ असतो, आणि चेहऱ्याची छायाचित्रे काढायला तो पाम बीचवरील उघड्या उन्हापेक्षा कितीतरी चांगला. मात्र ही राहती घरे आहेत. स्कूटर बाहेर लावून चालत आत जावे.

आता चालत्या स्कूटरचे छायाचित्र. प्रत्येक पाहुण्याला ते हवे असते आणि सर्वाधिक मूर्खपणा त्यातच होतो. पुढच्या स्कूटरवर उलटे बसून मागच्याचे चित्रण करणे हा निव्वळ अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. योग्य पद्धत अशी: सेक्टरमधला कमी वर्दळीचा, झाडांच्या रांगेचा आतला रस्ता निवडावा, छायाचित्रकाराने पदपथावर उभे राहावे आणि पाहुण्याने सरळ, एकाच वेगाने, त्याच्याकडे न पाहता समोरून जावे. ताशी 30 किलोमीटर वेगाने स्कूटर सेकंदाला आठ मीटरपेक्षा थोडे अधिक अंतर कापते. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका वेळ उघडा ठेवला, तर तेवढ्यात ती जवळपास एक फूट पुढे जाते. कॅमेरा त्याच गतीने कमरेतून वळवला, की चेहरा आणि हँडल स्पष्ट राहतात आणि मागची झाडे आडव्या रेघांत विरघळतात. पहिल्या खेपेला हे क्वचितच साधते, तीन-चार फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून वेग छायाचित्रात दिसतो तेवढा प्रत्यक्षात कधीच नसावा. चेहरा दिसावा म्हणून हेल्मेट काढायची गरज नाही. आयएसआय चिन्हाचे, पुढून उघडे असलेले हेल्मेट मिळते. केस विस्कटण्यापूर्वीची छायाचित्रे हवी असतील, तर ती निघण्यापूर्वी, स्कूटर स्टँडवर असताना काढावीत.

फोन हँडलवर अडकवून चित्रण करणाऱ्यांसाठी एक वाक्य: मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असे खुद्द अ‍ॅपलने 2021 साली सांगितले आहे आणि लहान स्कूटरसाठीही कंपन शोषणारा धारक वापरण्याचा सल्ला दिला आहे.

[पडद्यावर: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे]

कायद्याची बाजू कंटाळवाणी वाटते, पण पैसे देण्याआधी पाहायची पहिली गोष्ट म्हणजे स्कूटरची नंबर पाटी. भाड्याने चालवायला देण्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची पाटी हिरवी असते आणि व्यावसायिक वापर असेल, तर तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर कोणी भाड्याने देऊ केली, तर नकार द्यावा; अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. दुचाकी भाड्याने देण्यासाठी केंद्र सरकारची 1997 ची योजना आहे आणि तिच्याखाली परवाना घ्यावा लागतो. पाहुणा स्वतः चालवणार नसेल आणि मार्गदर्शकाच्या मागे बसणार असेल, तर पैसे घेऊन माणूस मागे बसवणे ही प्रवासी वाहतूकच ठरते. त्याची परवानगी वेगळी. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. चार वर्षांखालील मूल बरोबर असेल, तर त्याच्यासाठी सुरक्षा पट्टा लागतो आणि वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा अधिक चालत नाही. खरे तर इतक्या लहान मुलाला या फेरीत आणूच नये.

अटल सेतूवर स्कूटरवरून छायाचित्र काढू, असे कोणी सांगत असेल, तर त्याला शहर ठाऊक नाही. जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या त्या पुलावर दुचाकींना मनाईच आहे. ड्रोनचे आश्वासनही तपासून घ्यावे, कारण नव्या विमानतळामुळे या भागाच्या आकाशावर निर्बंध आहेत. आणि पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडे जायला बंदी घातली जाते, तेव्हा ते नाव कार्यक्रमपत्रिकेत दिसले, तर कारण विचारावे.

शेवटचा मुद्दा छायाचित्रांच्या मालकीचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो, काढणारा नव्हे. छायाचित्रकारांना हे ठाऊक असते, म्हणून त्यांच्या करारात बहुधा उलटे लिहिलेले असते. त्यात गैर काही नाही. जाहिरातीसाठी चार छायाचित्रे वापरू द्यायच्या बदल्यात दर कमी करून घेता येतो. मात्र तुमचा चेहरा कोठे वापरला जाईल, संपादित छायाचित्रे किती आणि कधी मिळतील, आणि भरती चुकली किंवा पक्षी आले नाहीत, तर तारीख बदलून मिळेल का, हे सगळे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशही चालेल, फक्त त्यात तारखेसोबत तिथी आणि भरतीची वेळ लिहायला आयोजकाला सांगा.