नंबर कुठला आणि काम कुठलं

मंडळी, माझ्या ओपीडीत एक वाक्य जवळजवळ रोज ऐकू येतं : "डॉक्टर, लेझर मारून नंबर घालवा की." कधी हे तालमीतला पैलवान म्हणतो, कधी हुपरीचा चांदी कारागीर, तर कधी मोतीबिंदू पिकलेले आजोबा. आजोबांचं उत्तर सोपं आहे. मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होणं. ते भिंग काढून नवं बसवावंच लागतं. चष्म्याच्या नंबरासाठीचं लेझर त्या भिंगापर्यंत जात नाही, ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर होतं.

मायनस नंबरात डोळा जरा लांबट असतो किंवा कॉर्निया जास्त गोल असतो, म्हणून प्रतिमा मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते. प्लस नंबरात उलटं. सिलिंड्रिकल नंबरात कॉर्नियाचा गोलवा आडवा एक, उभा एक असतो, त्यामुळे अक्षरांना सावली येते. लेझर या तिन्हींवर चालतं. ते कॉर्नियाचा आकार बदलतं, डोळ्यात नवी ताकद भरत नाही.

"डोळा भाजत नाही का?" असं हमखास विचारलं जातं. यात वापरतात ते एक्सायमर लेझर 193 नॅनोमीटरचं, अतिनील. ते रेणूंचे बंध तोडतं, आजूबाजूला जवळजवळ उष्णता पोचत नाही. हे 1981 साली अमेरिकेत ज्यांच्या लक्षात आलं, त्यांत रंगास्वामी श्रीनिवासन हे आपल्या भारतात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ होते. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर त्यांनी हा किरण सोडून पाहिला, आणि काठ करपले नाहीत. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

आता हिशेब बघा. कॉर्नियाची मधली जाडी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. एक नंबर उतरवायला ढोबळमानाने 12 ते 15 मायक्रॉन जातात. लॅसिक या लेझरच्या पद्धतीत कॉर्नियाची वरची पातळ चकती उचलतात, तिचे शंभरेक मायक्रॉन वेगळे. खाली किमान 250, शक्यतो 300 मायक्रॉन शाबूत राहिलेच पाहिजेत. म्हणून मोठ्या नंबराच्या माणसाला कधी कधी "नाही" म्हणावं लागतं. आणि मायनस आठ नंबराचा चष्मा गेला तरी डोळा लांबट तो लांबटच राहतो. त्यानं मागचा पडदा दरवर्षी तपासून घ्यायचा.

इथं मला कळकळीनं एक सांगायचंय. उन्हाळ्यात डोळे खाजतात म्हणून सतत चोळणारी पोरं तुमच्या घरात असतील. त्या चोळण्यानं काहींचा कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढं येतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. दर सहा महिन्यांनी सिलिंड्रिकल नंबर वाढत असेल, तर नुसता चष्मा बदलू नका, कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या. वेळेत सापडलं तर क्रॉसलिंकिंगनं, म्हणजे कॉर्निया बळकट करणाऱ्या उपचारानं, वाढ थोपवता येते. अशा डोळ्यावर नंबराचं लेझर केलं, तर आधीच कमकुवत कॉर्निया आणखी ढासळतो. म्हणून नंबर वर्षभर स्थिर हवा, वय अठराच्या पुढं हवं, आणि नकाशा काढल्याशिवाय कुणी तारीख दिली तर उठून या.

पैलवानाची गोष्ट वेगळी. लॅसिकमधली चकती पुन्हा बसते, पण पहिल्यासारखी घट्ट जुळत नाही. कुस्तीत डोळ्यावर कोपर बसलं तर ती वर्षांनंतरही सरकू शकते. त्यामुळे मी त्याला चकती नसलेली लेझरची पद्धत, पीआरके, सुचवली. पहिले तीन-चार दिवस ठणका, नजर बसायला काही आठवडे, आणि मी सांगेपर्यंत आखाड्याची माती बंद. तो दमानं थांबला.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो हुपरीच्या कारागिराबरोबर. वय 46, दोन्ही डोळ्यांना मायनस अडीच. चाळिशीनंतर आतलं भिंग ताठर होतं आणि जवळचं दिसेनासं होतं. ही चाळिशी लेझरनं जात नाही. पण अडीच नंबराच्या डोळ्याला चष्मा काढला की 40 सेंटिमीटरवरचं आपोआप स्वच्छ दिसतं. दागिना साधारण तिथंच धरतात! दोन्ही डोळ्यांचा नंबर उतरवला असता, तर त्याला लांबचं छान दिसलं असतं आणि पैंजणाची कडी जोडायला वाचायचा चष्मा लागला असता. एका डोळ्याचा थोडा नंबर जवळच्या कामासाठी राखून ठेवण्याचा मार्ग असतो. तो आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून आजमावायचा. त्यानं आठवडाभर लेन्स लावून काम केलं. परत आला तेव्हा म्हणाला, "टाक्याची खोली कळंना झाली." मग त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या चिठ्ठीवरचं बारीक अक्षर सरळ वाचून दाखवलं.