फिल मिकलसन: गुन्हा नाही, दंड नाही, मग दहा लाख डॉलर कसले भरले?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे खाली भांडणं नकोत. आज ज्या शेअर प्रकरणाबद्दल बोलणार आहे, त्यात फिल मिकलसनवर फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही. तरी त्याने दहा लाख डॉलरच्या वर रक्कम सरकारजमा केली. गुन्हा नाही, दंड नाही, मग पैसे कसले? मला या सगळ्यात खरा रस आहे तो इथे.

गोल्फ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात माणूस सांगतो. सॅन डिएगोचा, जन्म 1970 चा, सहा मेजर (म्हणजे गोल्फमधल्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या) स्पर्धा जिंकलेला. शेवटची 2021 साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. इतक्या वयात मेजर त्याच्याआधी कुणीच जिंकली नव्हती. टोपणनाव ‘लेफ्टी’, कारण खेळतो डावखुरा. बाकी कामं मात्र उजव्या हाताने. लहानपणी वडिलांच्या समोर उभं राहून त्यांचा स्विंग जसा दिसला तसा उचलला, म्हणून उलटा झाला! टायगर वूड्स अबोल, तर हा हसतमुख. लोकांना सह्या देत बसणारा, आणि झाडाआडून भलताच फटका मारायला जाऊन हातातली स्पर्धा घालवणारा. पैजेचा शौक त्याने कधी लपवला नाही. सरावाच्या फेरीतही पैसे लावायचा.

(स्क्रीनवर: जुलै 2012)

आता तीन माणसं लक्षात ठेवा. पहिला टॉम डेव्हिस. डॅलसमधली डीन फूड्स ही दुधाच्या धंद्यातली मोठी कंपनी, तिच्या संचालक मंडळावर हा होता. दुसरा लास वेगासचा बिली वॉल्टर्स, खेळांवर पैसे लावणाऱ्यांमधलं अमेरिकेतलं फार मोठं नाव. डेव्हिस पैशांच्या अडचणीत होता आणि वॉल्टर्सकडून उसने घेत होता. तिसरा आपला मिकलसन. वॉल्टर्सचा गोल्फमधला मित्र, आणि पैजांपायी त्याचं देणं लागणारा.

डेव्हिस कंपनीच्या आतल्या बातम्या वॉल्टर्सला पुरवायचा. त्यासाठी वेगळा प्रीपेड फोन होता आणि डीन फूड्ससाठी सांकेतिक नाव होतं ‘डॅलस काउबॉइज’. म्हणजे कुणी ऐकलंच तर वाटावं, फुटबॉलच्या गप्पा चालल्यात. हे डेव्हिसनेच पुढे कोर्टात सांगितलं.

जुलैच्या अखेरीस वॉल्टर्स आणि मिकलसनचं बोलणं झालं. लगेच मिकलसनने तीन खात्यांतून मिळून सुमारे 24 लाख डॉलरचे डीन फूड्सचे शेअर घेतले. आठवडाभराने कंपनीने जाहीर केलं की व्हाइटवेव्ह हा व्यवसाय वेगळा काढणार, आणि शेअर 40 टक्के उसळला. मिकलसनने विकले. नफा 9 लाख 31 हजार डॉलर. सप्टेंबरमध्ये त्याने वॉल्टर्सचं देणं चुकवलं, त्यात या नफ्यातलेही पैसे होते, असं एसईसीचं म्हणणं. एसईसी म्हणजे आपल्याकडची सेबी समजा.

मे 2016 मध्ये वॉल्टर्स आणि डेव्हिसवर खटला दाखल झाला. त्याच वेळी एसईसीच्या दिवाणी तक्रारीत मिकलसनचं नाव आलं, पण एका विचित्र रकान्यात: ‘रिलीफ डिफेंडंट’. चोरीचा मोबाइल तुमच्या हातात आला. तुम्ही चोर आहात असं पोलीस म्हणत नाहीत, पण मोबाइल ठेवताही येत नाही, तसं हे. मिकलसनने नफा व्याजासकट परत करायचं मान्य केलं. 9,31,000 वर सुमारे 1,05,000 व्याज. आरोप मान्यही केले नाहीत, नाकारलेही नाहीत.

मग त्याला आरोपी का नाही केलं? नावाजलेला होता म्हणून सोडला, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ते पटत नाही. त्या वेळी न्यूयॉर्कचे सरकारी वकील होते प्रीत भरारा. फिरोजपूरला जन्मलेले, कंपनीच्या आतल्या बातम्या फोडणाऱ्या रजत गुप्तांना तुरुंगात पाठवणारे तेच. मोठ्या नावाला घाबरणाऱ्यांतले ते नव्हेत. अडचण कायद्याची होती. डिसेंबर 2014 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने न्यूमन खटल्यात दोन फंड मॅनेजरांची शिक्षा रद्द केली आणि सांगितलं: बातमी ऐकून शेअर घेतले एवढं पुरेसं नाही. ती फोडणाऱ्या आतल्या माणसाचा त्यात स्वतःचा काय फायदा होता, हेही घेणाऱ्याला माहीत होतं असं सिद्ध करा. आता साखळी बघा. डेव्हिसकडून वॉल्टर्स, वॉल्टर्सकडून मिकलसन. वॉल्टर्सने डेव्हिसला पैसे दिले होते, म्हणून तो सरळ सापडला. पण डेव्हिसला काय मिळत होतं हे मिकलसनला ठाऊक होतं, याचा पुरावा कुठून आणणार? पत्रकार परिषदेत खुद्द भरारांनी न्यूमनच्या निकालाकडे बोट दाखवलं.

2017 मध्ये वॉल्टर्स दहाही कलमांखाली दोषी ठरला. पाच वर्षं कैद आणि एक कोटी डॉलर दंड. मिकलसन साक्षीला आलाच नाही. बोलावलं तर स्वतःविरुद्ध न बोलण्याचा घटनात्मक हक्क वापरू, असं त्याच्या वकिलांनी आधीच कळवलं होतं. हे वॉल्टर्स विसरला नाही.

मधला एक किस्सा पटकन. 2018 ची यूएस ओपन, शिनेकॉक हिल्स, तिसरा दिवस, मिकलसनचा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस. तेराव्या होलवर त्याचा पट (होलकडे हलकेच ढकललेला चेंडू) घसरत उतारावर निघाला. हा धावत गेला आणि चालत्या चेंडूलाच फटका मारला! दोन स्ट्रोकचा दंड झाला, त्या होलचे फटके झाले दहा. वर त्याचं स्पष्टीकरण असं की नियम माहीत होता, दोन स्ट्रोक परवडणारे होते. पुढे माफी मागितली, पण नियमाचा हिशोब मांडून खेळायची त्याची पद्धत मला या एका फटक्यात जितकी दिसते तितकी कुठेच दिसत नाही.

त्याला खरा फटका बसला तो तोंडामुळे. फेब्रुवारी 2022 मध्ये पत्रकार अ‍ॅलन शिपनक यांनी त्याचं बोलणं छापलं. सौदी पैशावर उभ्या राहणाऱ्या लिव्ह गोल्फ या नव्या लीगबद्दल तो म्हणाला होता की ही भयंकर माणसं आहेत, त्यांनी पत्रकार खशोगींना मारलं, तरीही पीजीए टूरला (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक गोल्फ मालिका) वाकवायची ही आयुष्यात एकदाच येणारी संधी आहे. प्रायोजकांपैकी केपीएमजीने करार संपवला, कॅलावेने थांबवला. त्या वर्षी तो मास्टर्सला गेला नाही. मेमध्ये स्वतःचं पीजीए चॅम्पियनशिप विजेतेपद राखायलाही उतरला नाही. जूनमध्ये लिव्हकडून खेळला आणि टूरने त्याला निलंबित केलं. ऑगस्टमध्ये अकरा खेळाडूंनी टूरवर मक्तेदारीविरोधी दावा ठोकला, त्यात हाही. सप्टेंबरच्या अखेरीस नाव मागे घेतलं.

वॉल्टर्सची उरलेली शिक्षा जानेवारी 2021 मध्ये ट्रम्प यांनी माफ केली होती. ऑगस्ट 2023 मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. त्यात त्याने लिहिलं की मिकलसनने आयुष्यात एक अब्ज डॉलरहून जास्त रकमेच्या पैजा लावल्या, आणि 2012 च्या रायडर कपमध्ये (अमेरिका विरुद्ध युरोप अशी सांघिक स्पर्धा) स्वतः अमेरिकेकडून खेळत असताना फोन करून आपल्याच संघावर 4 लाख डॉलर लावायला सांगितलं. वॉल्टर्स म्हणतो, मी नकार दिला. त्याने दुसरीकडे लावले का, ते मला माहीत नाही. मिकलसनने हे साफ नाकारलं: रायडर कपवर कधीच पैसे लावलेले नाहीत. जुगाराचं व्यसन मात्र त्याने स्वतः कबूल केलंय.

आता तारखा जुळवा. तो रायडर कप सप्टेंबर 2012 च्या शेवटच्या तीन दिवसांत झाला, म्हणजे शेअरच्या नफ्यातून देणं चुकवलं त्याच महिन्यात. अमेरिका 10-6 ने पुढे होती आणि शेवटच्या दिवशी हरली. मिकलसनही त्या दिवशी जस्टिन रोझकडून हरला.