शेवटच्या वावराचं पाणी

[प्रकाशे. तापीचा घाट, सकाळ. वरून दिसणारा संगम.]

हे प्रकाशे. शहादा तालुका, जिल्हा नंदुरबार. तापी आणि गोमाईचा संगम, आपल्याकडे याला दक्षिण काशी म्हणतात. 1955 च्या सुमारास इथल्या टेकाडात पुरातत्त्ववाल्यांनी खोदकाम केलं आणि खाली थेट ताम्रपाषाण काळातली वस्ती लागली, म्हणजे तीन हजार वर्षांहून जास्त काळापूर्वी इथं माणसं राहत होती, रंगवलेली मडकी वापरत होती. शाळेत आपण हेच शिकलो ना, मडकी सापडली, विटा सापडल्या, नाणी सापडली की झाला तो समाज सुधारलेला. पण खापराला एक गोष्ट विचारून कळत नाही. पाण्याच्या रांगेत शेवटी उभा असायचा त्या माणसाचं काय व्हायचं? ते बघायचं तर पांझरा नदीवर जावं लागतं.

[साक्री तालुका. दगडी बंधारा, त्यावरून पडणारं पाणी. आवाज तसाच ठेवायचा.]

पिंपळनेरच्या वरच्या डोंगरातून पांझरा निघते, साक्री, धुळे करत खाली मुडावदला तापीला मिळते. मोठी नदी नाही, उन्हाळ्यात तर नदी म्हणायला लाज वाटावी अशी. पण तिच्यावर असे बंधारे एकामागे एक आहेत, दगड आणि चुन्याचे, आणि ते बांधायला सिमेंटची गोणी लागली नाही की सरकारी टेंडर निघालं नाही. तीनशे-चारशे वर्षांची ही पद्धत. पांझरा, मोसम, आरम, या तीन नद्यांच्या काठी मुख्यत्वे. नाव फड.

[बंधाऱ्याच्या कडेनं निघालेला पाट. कॅमेरा पाण्याच्या मागे मागे.]

आता नीट बघा, पाणी कसं जातंय. बंधाऱ्यानं पाणी अडवलं, म्हणजे साठवलं नाही, फक्त उचलून बाजूला वळवलं. तिथून पाट. कुठं दोन किलोमीटर, कुठं बारा. पाटातून चाऱ्या फुटतात, चारीतून सारंग, म्हणजे वावराच्या तोंडाशी नेणारी बारीक चारी, आणि सारंगातून वावरात. जास्तीचं झालं तर सांडव्यातून बाहेर, म्हणजे जमीन चिबडत नाही. मोटार नाही, पंप नाही, सगळा खेळ उताराचा, आणि हा उतार ज्यांनी काढला त्यांच्याकडं लेव्हल बघायचं कुठलं मशीन होतं? पाणी सोडून बघायचं, अडलं तिथं खोदायचं.

[झाडावरून घेतलेला शॉट. उभे लांब पट्टे, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला मोकळं रान.]

ही खालची सगळी जमीन कायम बागायत. तिचे मोठे तुकडे पाडलेत, बहुतेक ठिकाणी चार, एकेक तुकडा म्हणजे एक फड. दहा हेक्टरचा पण असतो, दोनशेचा पण. दरवर्षी गाव बसून ठरवतं, यंदा या फडात ऊस, त्या फडात हंगामी पीक, तो फड कोरडा. आणि एका फडात एकच पीक. तुमचं वावर असलं तरी तुमच्या मनाचं पीक नाही. ऐकायला जुलूम वाटतो, पण विचार करा, सगळ्यांचं पीक एक म्हणजे सगळ्यांची तहान एक, मग एका टोकापासून सुरू केलं की पाणी सरळ फिरत जातं, मधे कोणी म्हणत नाही की माझा ऊस आहे मला आधी द्या. शिवाय ऊस दरवर्षी फड बदलतो, जमिनीला दम मिळतो.

खरी गंमत पट्ट्यांमधे आहे. हे लांब अरुंद पट्टे बघताय ना, जुन्या रचनेत एकाच घरचा एक पट्टा या फडात, एक त्या फडात, एक तिसऱ्यात. म्हणजे पाऊस कमी झाला आणि गावानं ठरवलं की यंदा दोनच फड भिजवायचे, तर तोटा सगळ्यांचा सारखा. पाटील पण अर्धा, शेवटचा कुणबी पण अर्धा. माणूस कमी करायचा नाही, फड कमी करायचा. हे ज्याला सुचलं त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. असतं तर शॉट घेतला असता.

[म्हातारा पाटकरी. गुडघ्याएवढ्या पाण्यात, हातात फावडं. क्लोजअप पायांचा.]

हे बाबा पाटकरी आहेत. बघा काय करतायत. सारंगाचं तोंड फोडलं, फावड्यानं एक ढेकूळ बाजूला केलं, पाणी आत शिरलं. आता उभे राहतील. वाफा भरत आला की पायानंच माती सारून तोंड बंद, वर गवताची पेंडी दाबली, पुढच्या तोंडाकडं. घड्याळ नाही हातात. वाफा भरला हे त्यांना पाण्याच्या रंगावरून कळतं म्हणतात, आम्हाला चार दिवसांत काही कळलं नाही. शेतकरी स्वतः पाणी भरत नाही, फडात पाणी भरायचं काम पाटकऱ्याचं. पाटावर लक्ष ठेवायला जागल्या, वर हवालदार, त्यांच्यावर पंच. मेहनताना धान्यात, पीक निघालं की प्रत्येक वावरातून. कोपरा कोरडा राहिला तर जाब पाटकऱ्याला, मालकाला नाही.

आम्ही विचारलं, बाबा, तुमचं वावर कोणतं?

[बाबांचा आवाज]
"वावर मनं नही भाऊ. पानी मना हातमा शे."

[रात्र. गावातलं एक ओसरीवरचं घर, झोपलेली माणसं. मग दुसऱ्या गावाचा शॉट, शेतात बॅटरीचा उजेड हलतोय.]

हे दोन शॉट मुद्दाम शेजारी ठेवलेत. पहिल्यात फडाचा शेतकरी घरी झोपलाय आणि त्याच्या वावरात पाणी चाललंय. दुसरा माणूस बोअरवाला. थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि या आठवड्यात रात्रीचा नंबर, म्हणून बाराला उठून मोटार चालू करायला आलाय, सापाची भीती, बिबट्याची भीती, वरून शेजाऱ्यानं पाइप फोडला तर ते वेगळंच. आता यातला पुढारलेला कोण, तुम्ही बघा.

[पाटाचा गाळ काढणारी माणसं, टोपल्या, चहाची किटली.]

पावसाळ्यानंतर पाट साफ करायचा. घरटी एक माणूस. नाही आला तर दुसरा पाठवायचा, नाहीतर पैसे भरायचे. हसत खेळत चाललंय, त्या मुलाला बघा, मोबाईलवर गाणं लावून गाळ उचलतोय.

इथूनच जवळ दातर्तीला इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी पांझरेवर पाइपचा सायफन, म्हणजे पाणी पाइपातून पलीकडं न्यायची सोय, बसवला होता. 1884 ला मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेला विशीतला पोरगा, खानदेशात त्याची सुरुवातीची नोकरी. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच माणूस नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणतो, म्हणजे थोड्या भागात ऊस, बाकीत हंगामी, पाणी जास्त गावांत वाटलं जावं. पांझरेकाठच्या माणसानं ते वाचलं असतं तर म्हटला असता, मग यात नवीन काय! आणि 2005 ला महाराष्ट्रानं कायदा केला की शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढून कालव्याचं पाणी स्वतः वाटून घ्यावं. चांगलाच कायदा आहे. फक्त फडाच्या गावाला तो वाचून दाखवताना जरा ओशाळायला होतं.

[इंग्रजकालीन धुळे शहराच्या सरळ गल्ल्या, चालत्या गाडीतून.]

1818 नंतर इंग्रज खानदेशात आले, कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याच्या या सरळ गल्ल्या आखल्या, आणि 1825 ला जेम्स आउट्रमनं धरणगावला भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली. भिल्लांना माणसात आणायचं म्हणे. आणि खानदेशातल्या गावांचा जागल्या बहुतेक भिल्लच, अख्ख्या गावानं मालमत्ता ज्याच्या भरवशावर सोडली तो.

[कोरडा बंधारा. फुटलेला पाट, त्यात प्लॅस्टिक. बोअरची गाडी, धूळ.]

नंतर वर धरणं झाली, विहिरी आणि बोअर वाढले, ज्याच्याकडं पैसा त्यानं स्वतःची पाइपलाइन ओढली, आणि बऱ्याच गावांत फड मोडले.

[परत पाटकरी बाबा. संध्याकाळ. शेवटच्या सारंगापर्यंत चालत जातायत, कॅमेरा मागून.]

हे पाटाच्या टोकाचं वावर. नदीपासून सगळ्यात लांब. पाणी सकाळी सोडलंय, आता दिवस मावळायला आलाय, वाटेत एवढे पट्टे लागले. बाबा वाकून तोंड फोडतायत.

[निवेदन थांबतं. वाफ्यात पाणी शिरतं. बगळे उतरतात. आवाज संपेपर्यंत शॉट ठेवायचा.]